दाजीच्या कानातली खडखड

अख्ख्या लातुरात माझ्यासारखा रेडिओ मेकॅनिक न्हवता. माझ्याकडं दुरुस्तीला आलेला रेडिओ मंग कुणी दुसऱ्याकडं नेला न्हाई. नेण्यासारखा ऱ्हायचाच न्हाई. हे माझे दाजी, म्हंजी थोरल्या अक्काचे मालक, चार माणसांत बोलायचे. मागच्या महिन्यात नांदेडला घरी फोन आला, दाजी गेले... खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता ‘इरण्याचं मशीन चालतंय’ हे ह्या माणसाकडून कोण वदवून घेणार? इरण्या म्हंजी म्याच. शाळा शिकलो न्हाई. म्या बोलतो, नात लिहिते; चुकलं तर तिचं.

दाजी मोंढ्यातले, म्हंजी धान्याच्या बाजारातले, तुरीचे व्यापारी. ओरडल्याबगर ऐकू यायचं न्हाई, तरी धंद्याला अडलं न्हाई. तवा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, भाव ठरला. मंग लातूर नवा जिल्हा झाला, नवे साहेब आले, अन् नवा कायदा निघाला: सौदा तोंडानं, समद्यांसमोर. त्यात दुष्काळ. दिवसाकाठी तुरीचे दोनचार ढीग यायचे, लिलावाचा पुकारा एका दमात संपायचा. दाजी ढिगाजवळ उभे अन् माल दुसऱ्याच्या गाडीत. असंच चाललं तर दुकान बंद, हे अक्कानं येऊन सांगितलं. त्यांनी न्हाई. ते उपाशी ऱ्हायले असते, पण मला काम सांगितलं नसतं.

म्या तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत मशीन बसवलं. आत दोन ट्रान्झिस्टर अन् पेन्सिल सेल, झाकणाला बारका माईक, वर टेपचा हेडफोन, त्याच्या वायरीत चालू-बंदचं बटन. डबी बंडीच्या आतल्या खिशात ठेवायची, आवाज मोठा होऊन कानात. दाजीनं घातलं अन् लगेच काढून फेकलं.

"इरण्या, कानात गिरणी चालू केली का?"

म्या माझ्या खिशात घालून बघितलं. एकदम साफ. कंडेन्सर बदलला. दाजीच्या अंगावर खडखड, माझ्या अंगावर साफ. ट्रान्झिस्टर बदलले, वायरी बदलल्या, झाळकाम पुन्हा केलं... तेच. शेवटी म्या म्हणलो, "दाजी, मशीन ठीक हाय, तुमचा कान खराब हाय."

"कान खराब हाय म्हणूनच मशीन केलं ना, गाढवा?"

म्या डबी पुन्हा उघडली.

आठ दिवस हेच भांडण. मंग दाजीनं मला दुकानात, गिऱ्हाइकांसमोर उभं केलं. डबी त्यांच्या खिशात, हेडफोन माझ्या कानाला. "ऐक." त्यांनी श्वास घेतला की खडखड, सोडला की खडखड. मंग त्यांनी बंडीत हात घातला अन् गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मुठीत धरली. आवाज बंद! चांदी पत्र्यावर आपटून ऱ्हायली होती, अन् माईक ते ऐकून ऱ्हायला होता. आमच्या लिंगायतांत लिंग गळ्यातून काढत न्हाईत, झोपताना न्हाई का आंघोळीला न्हाई. दाजी माझ्याकडं बघतच ऱ्हायले.

"मंग तुझ्या अंगावर का वाजत न्हाई रं?"

त्यांनी समद्यांसमोर माझ्या सदऱ्याच्या गळ्यात बोट घातलं. रिकामं. दोन वर्षांपासून माझं लिंग खुंटीला होतं. उकाड्यात गळ्याला दोरा काचायचा म्हणून... हे काय कारण हाय?

"गुरूनं दिलेलं लिंग खुंटीला! मशीन नीट कर, अन् पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढू नको."

म्या माईक वायरीवर बाहेर काढून त्यांच्या टोपीला टाचला. दुसऱ्या दिवशी दाजीनं पहिलाच ढीग घेतला, हे मला हमालानं सांगितलं. दुकान टिकलं. म्या नांदेडला निघून आलो.

त्यानंतर सणावारी अक्काच्या घरी जायचो. दाजी समोर, हेडफोन कानात, अन् माझा एक शब्द त्यांना ऐकू येत न्हाई. म्या घसा फोडायचो, ते "काय? काय?" करायचे. हेडफोन ते कानातून काढत न्हवते; दरवेळी नुसती डबी मागून घ्यायचो, सेल बदलायचो, कधी माईक नवा टाकायचो. पुन्हा बांधलेलं लिंग दिसावं म्हणून सदऱ्याचा गळा उघडा ठेवायचो. ते भिंतीकडं बघायचे. मला वाटायचं, जन्मात एकच काम धड झालं होतं, तेबी बिघडलं.

दाजींचे दिवस झाल्यावर अक्कानं डबी हेडफोनसकट आणून माझ्या हातात दिली. म्या कानाला लावली. अंगणातला कावळा, शेजारणीची भांडी, समदं साफ.

"अक्का, आज चालतंय बघ! माझ्यासमोर कधीच चाललं न्हाई."

"त्याला काय झालंच न्हवतं," अक्का म्हणली. "तू दारात दिसला की ते बटन बंद करायचे."