एकशेवीस व्होल्टचं मशीन आणि निपाणीचा दसरा

सांबऱ्याच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझे दोन्ही खांदे भरून आले होते. न्यू जर्सीहून मुंबई आणि मुंबईहून बेळगाव, एवढ्या प्रवासात बाकीच्या बॅगा मी विमान कंपनीच्या हवाली केल्या, पण भरतकामाचं मशीन कुणाच्या हाती दिलं नाही. मांडीवर मावेल एवढंच ते, पण वजनाला दगड. मुंबईत कस्टमच्या साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "कोणासाठी?" त्यांनी विचारलं. "बहिणीसाठी," मी म्हणाले. त्यांनी जाऊ दिलं.

बहीण म्हणजे सुनंदा, माझी आक्का. आम्ही मूळच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या, माहेरचं घर अजून तिथेच आहे. ती लग्न होऊन निपाणीला गेली, मी, शैला, शिकून परदेशात. इतकी वर्षं ती पायमशीनवर ब्लाउज शिवते आणि त्यावर हाताने भरतकाम करते. आता तिची मान धरते, डोळ्यांतून पाणी येतं. निपाणीतल्या एका साडीच्या दुकानाने तिला दिवाळीचं भरतकाम द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, काम मशीनवरचं आणि एकसारखं हवं. ते काम मिळालं असतं तर आक्काला स्वतःच्या चपलांसाठीसुद्धा नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागतं, ते थांबलं असतं. मला तेवढंच हवं होतं. म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या गावात शिवणकामाचं दुकान बंद करणाऱ्या एका बाईकडून मी हे मशीन घेतलं.

परदेशातून वस्तू आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. अमेरिकेतली घरगुती वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीसची. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० लिहिलेलं असेल तर नुसता पिना बदलणारा अडॅप्टर पुरतो. लॅपटॉप आणि मोबाईल बहुतेक त्यातलेच असतात. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर मात्र मध्ये वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावाच लागतो, आणि तोही त्या वस्तूचे वॅट पेलणारा. अडॅप्टरमुळे प्लग भिंतीत बसतो एवढंच, वीज तेवढीच येते. आक्काच्या मशीनवर नुसतं १२० होतं.

ट्रान्सफॉर्मर बेळगावात घ्यायचा ठरवला होता. गणपत गल्लीजवळच्या पहिल्या दुकानदाराने माझं अर्धं बोलणं ऐकून पांढरा अडॅप्टर काउंटरवर आपटला. "ह्याच्यावर सगळं चालतंय बघा, ताई. लई लोक नेत्यात."

"व्होल्ट कमी होतात का याने?"

"तुमी लावून तर बघा."

असल्या आत्मविश्वासाला काय म्हणावं? लावून बघायची चैन मला परवडणारी नव्हती. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी मात्र "एष्टु वॅट?" (किती वॅट?) असं आधी विचारलं, मशीनमागची पाटी चष्मा लावून वाचली आणि आतून एक राखाडी लोखंडी डबा आणला. वीट उचलावी तसा तो उचलावा लागत होता. मग मी बेळगावचा खव्याचा कुंदा बांधून घेतला आणि बसस्टँड गाठला.

निपाणीच्या बसमध्ये मशीन मांडीवर आणि डबा पायाशी. "ताई, काय हाय त्यात? सोनं हाय का?" कंडक्टरने विचारलं. "त्याहून महाग," मी म्हणाले, आणि शेजारच्या बायका हसल्या. दसरा तोंडावर होता. हायवेच्या कडेला झेंडूचे ढीग लागले होते. संकेश्वरच्या आसपास दोन्हीकडे उभा ऊस, मध्येच मिरच्यांचा खकाणा नाकात शिरायचा. निपाणी जवळ आली तसा तंबाखूचा वास आला. त्या वासाने मला नेहमी आक्काची आठवण होते, आणि नंतर दाजींची. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. तंबाखूच्या वखारीत मुकादम आहेत. तिथे हाताखालची माणसं त्यांचा शब्द झेलतात, आणि घरीही आपण वखारीतच आहोत असं ते धरून चालतात.

घरी भाकरी आणि मिरचीचा खर्डा खाऊन मी लगेच मशीन जोडलं. भिंतीतून ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मरमधून मशीन. दोघांनाही नीट समजावून सांगितलं. आक्काने हात लावून लावून विचारलं. दाजी मोबाईलवर बोट फिरवत "व्हय, व्हय" म्हणत होते. मशीनने पहिलं फूल काढलं तेव्हा आक्काने ते कापड उजेडात धरलं आणि उलट्या बाजूचे टाकेही तपासले.

"हाताला कायच काम न्हाय की गं," ती म्हणाली, आणि एवढी हसली की मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानाची बाई येऊन नमुना बघून गेली आणि कापडं दसऱ्यानंतर देते म्हणाली.

तिकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून पूजेला मांडतात. विळी, खुरपं, कुऱ्हाड, पाण्याची मोटर, मिक्सर, दाजींची मोटारसायकल. या सगळ्यांत आक्काचं मशीन पाटावर बसलं, हळदीकुंकू आणि झेंडू लावून. ट्रान्सफॉर्मर मात्र टेबलाखालीच राहिला. "त्ये डबडं कशाला पूजेत?" दाजी म्हणाले. त्या घरात नवमीला पूजलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. दसऱ्याच्या सकाळी कर्ता पुरुष प्रत्येक यंत्र एकेकदा सुरू करतो, तो त्याचा मुहूर्त. यंत्र कुणाचंही असो, हात त्याचाच.

दसऱ्याच्या सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेर गल्लीतल्या बायका मशीन बघायला जमल्या होत्या. मोटर झाली, मिक्सर झाला. मग आक्काचा आवाज आला.

"अवो, त्यो डबा लावा आधी."

"गप बस गं. शैलाचा ल्यापटॉप रोज ह्या पिनंवरच चालतोय न्हवं? त्यो बी अमेरिकेचाच."

"तिनं सांगितलंय, मशीनला डबा लागतोय."

"मला शिकवतीस व्हय, चार माणसांत?"

मी पिठाच्या हातांनी धावले. माझा अडॅप्टर भिंतीत बसला होता आणि दाजींचं बोट बटणावर होतं. "दाजी, नको!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

लवंगी फुटावी एवढाच आवाज झाला. मशीनखालून धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकचा घाण वास उदबत्तीत मिसळला. आक्काने पुढे होऊन बटण बंद केलं.

"डुप्लिकेट माल दिलाय कुणीतरी हिला," दाजी मोठ्याने म्हणाले. "अमेरिकेचं म्हणं!" एक-दोन बायका हसल्या. मग ते मोटारसायकलचा मुहूर्त करायला बाहेर गेले. किक मारली, ती लगेच सुरू झाली.

त्या दिवशीची पुरणपोळी मी ताटात तशीच ठेवली. दाजींनी मात्र वर तूप मागून घेतलं. मला त्यांचा एवढा संताप आला होता की ताट उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, कारण मी विमानाने निघून गेल्यावर त्याचं उट्टं आक्कावर निघालं असतं. संध्याकाळी आपट्याची पानं देऊन मी त्यांच्या पायाही पडले. त्याची चीड मला अजून येते.

बेळगावच्या कारागिराने मशीन उघडून दाखवलं. आतलं सर्किट काळं पडलं होतं आणि ते इथे मिळत नाही म्हणाला. साडीच्या दुकानाच्या बाईने कापडं बोरगावच्या कुणाला तरी दिली. तिचं तरी काय चुकलं, दिवाळी कुणासाठी थांबते? आक्का पुन्हा पायमशीनवर बसली. सांबऱ्याला ती मला सोडायला आली तेव्हा आम्ही दोघी मशीनबद्दल एक शब्दही बोललो नाही. दाजी सोबत होते ना.

न्यू जर्सीला परत आल्यावर इथल्या घरात प्लग भिंतीत खुपसताना मला दर वेळी त्यांचं बोट आठवतं. जास्तीची वीज उतरवायला लोखंडी डबा मिळतो, तो मी मिळवलाही होता. बायकोने चार माणसांत सांगितलेली खरी गोष्ट ज्याला चटका देते, अशा माणसासाठी मात्र बेळगावच्या कुठल्याही दुकानात काही मिळत नाही.

परवा व्हिडिओ कॉल केला. मशीन आता बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं आहे. पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं म्हणे. दाजींनी फोन स्वतःच्या तोंडासमोर घेतला. "शैला, पुढच्या येळंला आणखी एक घिऊन ये. कसं लावायचं ते आता कळलंय मला."

मागून पायमशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"आणलंस तर येळ्ळूरला ठेव," आक्का म्हणाली. "मी तिकडंच ऱ्हाऊन चालवीन."

दाजी हसले. त्यांना वाटलं, ती चेष्टा करते आहे.