पदवीसाठी केलेला ठराव

जानेवारी २००२, दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या पुढे आमची सासरची वाडी, गावच्या हॉलची पायरी. हजर: मी, तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, ज्यांच्याकडे हॉलची किल्ली असते, बालवाडीच्या बाई, वाडीतल्या नऊ बायका, दोन पुरुष, त्यांतला एक शेवटपर्यंत उभाच. गैरहजर: कोणी नाही.

हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं. हजर माणसांची यादी सह्यांसकट अहवालाला जोडायची होती आणि तो अहवाल झाला की माझी पदवी पुरी होणार होती.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. बिरवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहायचो. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि पाच वर्षांपासून बायकांच्या शिफ्टची सुपरवायझर म्हणून काम बघत होते. कागदावर मात्र 'प्रभारी'. नवे मॅनेजर आले, त्यांनी बोलावून सांगितलं, "बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण वरून आलंय, सुपरवायझर पदवीधरच हवा. जूनपर्यंत निकालपत्र दाखवा, नाहीतर पुन्हा पट्ट्यावर बसावं लागेल." पट्ट्यावर, म्हणजे ज्या बायकांना मी रजा मंजूर करत होते त्यांच्याच रांगेत.

मुक्त विद्यापीठात नाव मी त्याच्या बऱ्याच आधी घातलं होतं. लग्नामुळे बारावी राहिली होती, म्हणून आधी पूर्वतयारीची परीक्षा. मग तीन वर्षांचे विषय, प्रत्येकाचे श्रेयांक, गृहपाठ, लेखी परीक्षा, आणि रविवारी महाडच्या अभ्यासकेंद्रात हजेरी. आमच्या वर्गात एक हवालदार होते, एक नर्स, दोन ग्रामसेवक. बाकं कॉलेजच्या पोरांसाठीची. हवालदारसाहेब बाहेर पडताना बाक उचलूनच पडायचे. कपाटाच्या दाराला आतून मी सगळ्या अटींची यादी चिकटवली होती. एकेक झालं की रेघ. चौथ्या वर्षी एकच ओळ उरली: 'संघटन आणि नेतृत्व', प्रकल्प.

प्रकल्प असा: आपल्या संस्थेत किंवा गावात एखादा प्रश्न घ्या, माणसं जमवा, निर्णय घडवून आणा, तो अमलात आणा आणि पुराव्यासह अहवाल द्या. मुदत फेब्रुवारीअखेर. कारखान्यातच करावा म्हणून मी मॅनेजरना विचारलं. ते दचकले. "सभा? इथे? बाई, उद्या गेटवर युनियनचा झेंडा लागेल!"

मग वाडी. प्रश्न शोधावा लागला नाही. बालवाडी एका घराच्या पडवीत भरायची. शेजारी गोठा. बावीस पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आणि गावचा सिमेंटचा हॉल वर्षभर बंद. आत लग्नाचे टोप, पराती, सतरंज्या. भांडी एका भिंतीला लावली तर बालवाडी आरामात बसेल. मी टेपने मापं घेतली, नकाशा काढला, कोणते टोप कुठे जातील तेही लिहिलं.

सभेत मी सगळं पंधरा मिनिटांत सांगितलं. एक बाई म्हणाली, "वयनी, पास तुम्ही व्हायचं नि भांडी आम्ही उचलायची का गो?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "उचलू गो. पोरांच्या अंगाचा शेणाचा वास तरी जाईल." उभे होते ते भाऊजी म्हणाले, "चांगलंच हाय. नाय कोण म्हणतो?" मी हात वर करायला सांगितले. सगळे वर. तात्यांचाही. 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहून मी वही फिरवली आणि उद्या सोमवारपासून हॉल उघडायचा, असं म्हणाले.

तात्यांनी सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि म्हणाले, "मुंबईला कळवतो."

"कशाला, तात्या?"

"कशाला म्हंजे? हॉल मंडळाचा हाय ना, सूनबाई. मंडळाचं पत्र आलं की उघडू."

आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हात वर केलेल्या बायका पदर झटकून उठल्या. त्यांच्या हिशेबी सभा नीट पार पडली होती.

आमच्याकडे हे असंच आहे. वाडीचे निम्मे पुरुष मुंबईत. तिथे गावाची एक खोली, त्या खोलीत मंडळ, महिन्याला बैठक. देवळाचा रंग असो की पालखीचा मार्ग, इथे बोलायचं आणि तिथे ठरायचं. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पुस्तकात लिहिलं होतं, संबंधित सर्वांना बोलवा. मी घरं मोजली, घरात असलेली माणसं मोजली आणि सगळे आले म्हणून खूश झाले. ज्यांचा हात वर व्हायला हवा होता त्यांतला एकही त्या पायरीवर नव्हता.

मी त्याच दिवशी पोलादपूरहून मंडळाला पत्र टाकलं. ठराव, नकाशा, सह्यांची प्रत. मग दिवस मोजायला लागले. कामावर पाकिटांची बेरीज दोनदा चुकली, एरवी कधी चुकत नव्हती. दुपारी जेवताना डबा उघडा ठेवून मी गेटवर टपाल आलं का विचारून यायचे. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, स्वच्छ अक्षरात: ठराव मिळाला, विषय चांगला आहे, शिमग्याला सर्वजण गावी येतील तेव्हा समोरासमोर निर्णय घेऊ.

शिमगा मार्चअखेर. माझी मुदत फेब्रुवारीअखेर.

अभ्यासकेंद्रातल्या सरांना पत्र दाखवलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, "निर्णय झालाय ना? मग एक फोटो लावा आणि द्या. इतकं कोणी तपासत नाही."

"आणि झालं नाही असं लिहिलं तर?"

"तर 'अपूर्ण' येईल. पुढच्या वर्षी पुन्हा."

पुढच्या वर्षी मी पट्ट्यावर असणार होते. मी तात्यांकडे गेले. त्यांना सगळं खरं सांगितलं, नोकरीचंसुद्धा. ते किल्ली कमरेला खोचत उठले. "फोटोपुरता उघडतो. तेवढ्याला कोण काय बोलतंय! पण भांडी हलवायची नाय हां."

पुढच्या रविवारी पोलादपूरहून फोटोवाला आणला. बाईंनी पोरांना रांगेने आणलं. टोपांच्या मधल्या जागेत सतरंजी घातली. पोरं पहिल्यांदा आत आलेली. बसायलाच तयार नाहीत. एवढी जागा दिसली म्हणून धावत सुटली, पराती वाजवल्या, एक जण मोठ्या टोपात उतरून बसला. बाई ओरडून दमल्या. शेवटी कशीबशी बसली, गाणं म्हटलं, फोटो झाला.

"चला, बाहेर," तात्या म्हणाले.

एक मुलगी दाराला धरून उभी राहिली. "बाई, उद्या पण इथंच ना?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोटोवाल्याला प्रती कधी मिळतील ते विचारत होते. म्हणजे आधीच विचारून झालं होतं, पुन्हा विचारलं.

अहवालात मी 'अंमलबजावणी सुरू' असं लिहिलं आणि खाली फोटोच्या रविवारची तारीख घातली. फोटो चिकटवला. फेब्रुवारी संपायला दोन दिवस असताना अहवाल दिला. मे महिन्यात निकाल लागला, जूनमध्ये 'प्रभारी' गेलं. कपाटावरच्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि यादी काढून टाकली. डिंकाचे डाग मात्र निघाले नाहीत.

शिमग्याला मी गेले नाही. त्या आठवड्यात नव्या मशीनचं शिक्षण होतं, शिफ्ट माझ्याकडे होती. नंतर बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की मंडळाचे अध्यक्ष हॉलच्या पायरीवर बसून म्हणाले होते, "ठराव मांडला त्या बाईंना बोलवा, मापं काय ती समजावून सांगू द्या." मी आलेच नाही हे कळल्यावर विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. विरोध एकाचाही नव्हता. फक्त मांडणारं कोणी नव्हतं, आणि दुसऱ्याने मांडलेला विषय आपण कसा रेटायचा, म्हणून तात्या गप्प बसले.

त्यानंतर कधी गणपतीला मंडळी आली तेव्हा मला सुट्टी नव्हती, कधी मला सुट्टी होती तेव्हा अध्यक्ष आले नव्हते. आता माझ्याकडे पस्तीस बायका आहेत. गेल्या वर्षी मॅनेजरनी नव्या सुपरवायझरांना 'निर्णय कसे घडवावेत' यावर दोन शब्द सांगायला मला उभं केलं. मी रजेच्या अर्जांबद्दल बोलले आणि खाली बसले.

फोटोतली पोरं आता चौथीत गेली. बालवाडीत दुसरी बावीस आहेत, त्याच पडवीत. मंडळाला नवा अर्ज करायचा आहे, यावेळी मुंबईच्या बैठकीत स्वतः जाऊन द्यायचा. मायना लिहिला आहे, विषय लिहिला आहे, मापांचा कागद सोबत लावला आहे. मजकूर लिहायचा राहिला आहे, कारण पहिल्या ओळीत मागच्या ठरावाचं काय झालं ते सांगावं लागेल.