मिरच्यांच्या खळ्यातली आत्या

पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला तेव्हा मी जळगावात नुकतीच शाळेवर लागले होते. पहिला रोल धुऊन आला आणि स्टुडिओवाल्या नानांनी माझे फोटो काउंटरवर पसरले. सगळी माणसं बरोबर मध्ये, पाय कापलेले. मुख्याध्यापिकांच्या डोक्यातून तर झेंड्याचा खांबच उगवलेला.

"बाई, तुम्ही फक्त तोंड बघता," नाना म्हणाले. "बाकीची चौकट कोणी बघायची?"

त्यांनी पुठ्ठ्यात एक खिडकी कापली, तिच्यावर दोन उभे, दोन आडवे दोरे चिकटवले. "दोरे जिथं एकमेकांना छेदतात, तिथं माणूस ठेवा. तो जिकडे बघतो, तिकडे जागा सोडा. आणि आठ दिवस रोल भरायचा नाही."

रोज शाळा सुटली की मी मेहरूण तलावावर तो पुठ्ठा डोळ्यांसमोर धरून बसायचे. येणारे-जाणारे हसायचे. पण पाण्यातली म्हैस कुठं आली म्हणजे चित्र जमतं, ते हळूहळू कळायला लागलं. ती तिथं येईपर्यंत मी थांबू लागले.

त्या हिवाळ्यात पिंपळनेरला आत्याकडे गेले. यजमान गेल्यावर तिनं पहिल्यांदाच एकटीच्या हिमतीवर मिरची लावली होती. खळंभर लाल मिरची वाळत पडलेली. फोटो म्हटल्यावर आत्या नवं लुगडं नेसून मधोमध ताठ उभी राहिली. मागं विजेचा खांब. मी तिला एका कडेला मिरच्या निवडायला बसवलं आणि शिडीनं घराच्या धाब्यावर चढले. वरून खांब दिसेना. उरली ती आत्या, आणि तिच्यासमोर पसरलेला लाल रंग.

जळगावात रोल धुतल्यावर नाना तो फोटो निरखत राहिले. मग त्यांनी दुकानाच्या काचेतला एका नवरीचा फोटो उतरवला आणि तिथं आत्याला मोठी करून लावली.

उन्हाळ्यात आत्या नात्यातल्या एका लग्नासाठी जळगावला आली, तेव्हा मी तिला स्टुडिओच्या काचेसमोर नेलं.

"माले कोपरामा काब बसाडं व माय?" कोपऱ्यात का बसवलं म्हणून ती आधी खट्टूच झाली. मग काचेला नाक लावून आपल्या सगळ्या मिरच्या बघत राहिली. "ह्या बठ्ठ्या मन्याच मिरच्या शेतस!"

शेजारी दोन बायका थांबल्या होत्या. आत्यानं त्यांना ऐकवलं, "ती मी शे. आनि फोटो मनी भाचीनी काढेल शे."

माझी मान आपोआप ताठ झाली.