चौदावा खांब

महिपत शेलार ज्या खांबाला स्वतः टेकला नाही, तो खांब त्याच्या लेखी उभाच नाही. खड्डा घ्यायचा, खांब उतरवायचा, भोवती दगडाच्या चिपा ठोकून मुरूम दाबायचा. मग पहारीच्या बुडानं खांबावर एक ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. ठण्ण वाजला तर तळाशी पक्का खडक, बद्द वाजला तर खाली पोकळी. शेवटी खांबाला पाठ लावून अंग मागे सोडायचं आणि तीन हिसके द्यायचे. "मी टेकल्याबिगर पोरानं टेकायचं न्हाय," म्हणायचा. पोलादपूरकडचा माणूस, साठी उलटलेली. तीस वर्षं घोडबंदरच्या उतारावर गोठ्यांना आणि बागांना कुंपणं घालतोय.

मला हे टेकणं म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा. मी मुळात घाईचा माणूस. नोकरी संपली तरी घड्याळ हातातून उतरलं नाही. आम्ही राहतो शहरात, पूनम सागरला, पण बायकोनं, अनसूयानं, घोडबंदरमध्ये बालवाडी काढायचं घेतलं. एका भल्या माणसानं त्यासाठी खोली फुकट दिली. आता धर्माच्या गाईचे दात कोण मोजणार? मोजायला हवे होते. खोलीच्या दारापासून वीस पावलांवर बंद पडलेली खदान होती, सरळ तुटलेला काठ आणि तळाला हिरवं पाणी. गेल्या वर्षी एक बकरी त्यात गेली, ती वर आलीच नाही. आमच्याकडे सोमवारपासून एकोणीस मुलं येणार होती, सगळी तीन ते पाच वर्षांची.

लोखंडी अँगल लावायची सोय नव्हती. आज लावले तर आठ दिवसांत भंगारवाल्याकडे पोचतात. म्हणून उत्तनच्या एका होडीवाल्याकडून जुने लाकडी खांब आणले, एकवीस. वर्षानुवर्षं खारं पाणी प्यायलेलं लाकूड, त्याला वाळवी तोंड लावत नाही. तरी महिपतनं प्रत्येकाचं बूड जाळून काळं करून घेतलं. जमीन तर बघवत नव्हती. वर चार बोटं माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. संध्याकाळी तो खड्ड्यांत पाणी भरून ठेवायचा, म्हणजे सकाळी मुरूम जरा मऊ यायचा. एका खड्ड्याला दीड-दोन तास लागायचे. शुक्रवारपर्यंत एकवीसही खड्डे घेऊन झाले, खांब उभे करायचे उरले. मी छत्री धरून देखरेख करत होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो.

शनिवारी सकाळी अनसूयानं त्याला मागून चहासाठी तीनदा हाक मारली. त्यानं वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळानं खडीचा टेम्पो हॉर्न वाजवत मागे येत होता. हा पठ्ठ्या रस्त्यातच वाकून चिपा वेचतोय. मी दंडाला धरून ओढला तेव्हा बाजूला झाला आणि उगाच हसला. वय झालं, मी मनात म्हटलं.

सातव्या खांबावर ठोका पडला आणि मला स्पष्ट बद्द ऐकू आलं. महिपत म्हणाला, "वाजला." पाठ लावली, तीन हिसके दिले. खांब हलला नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षांच्या कारागिराला मी काय शिकवणार? शिवाय अजून चौदा खांब उरले होते आणि मध्ये एकच रविवार होता. अकराव्यालाही तसंच झालं. तेव्हा तर मी तोंडही उघडलं नाही, घड्याळाकडे बघितलं.

चौदावा खांब सगळ्यात वाईट जागी होता. तिथे वाट चिंचोळी होते, त्यामुळे खांबापासून खदानीचा काठ जेमतेम दीड हात. महिपतनं चिपा ठोकल्या, मुरूम दाबला, पहार उचलून ठोका दिला.

बद्द.

इतका पोकळ आवाज, की खोलीच्या दारात उभ्या असलेल्या अनसूयानंही मान वर केली.

"वाजला," महिपत म्हणाला आणि खदानीकडे पाठ करून खांबाला टेकायला लागला.

"महिपत, थांब!" मी ओरडलो. त्याची नजर पायांकडे होती. "अरे थांब!" त्यानं पहिला हिसका दिला. तेव्हा मला कळलं, या माणसाला काहीच ऐकू येत नाहीये. छत्री कुठे टाकली ते आठवत नाही. दुसऱ्या हिसक्याला खांब मागे कलला. मी त्याच्या छातीवरचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि स्वतःला मागे झोकून दिलं. शर्टाची दोन बटणं तुटली. आम्ही दोघंही मुरमात आडवे झालो. खांब काठाबाहेर वाकला होता. त्याच्या बुडाखालचा धोंडा सुटून घरंगळला. आवाज काही येईना, आणि मग खाली पाणी वाजलं.

आम्ही उठून बसलो. भीती वाटली की मला राग येतो, तसाच आला.

"कधीपासून ऐकू येत नाही?" मी ओरडून विचारलं.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "दोन वरसं. मधी रस्त्याच्या कामावर दगड फोडायचा ब्रेकर चालवला ना. आदी डावा गेला, मंग उजवा. जितेशला बी बोललो न्हाय. पोरगा घरी बसवंल." मग खाली मान घालून म्हणाला, "वाटलं, हाताला कळंल."

"हाताला कळेल? सोमवारी एकोणीस मुलं येणार आहेत इथे! सातवा बद्द वाजला होता, अकरावा बद्द वाजला होता!" त्याला ऐकू जात नव्हतं म्हणून मी बोटांनी सात दाखवले, अकरा दाखवले.

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"तुमाला ऐकू आलं व्हतं?"

मी बोटं खाली घेतली.

"मंग बोलला का न्हाय, सायेब? भयरा मी हाय. तुमी न्हाय."

मला लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. अनसूया पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तिनंही ते ऐकलं. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तू आता देखरेख पुरे कर. कान दे."

दुपारी आम्ही सातवा आणि अकरावा उपटले. सातव्याच्या बुडाखाली नुसता सुटा दगड होता. मी तो एका हातानं काढला. एका पावसात खांब गेला असता, आणि त्याच्यासोबत कोण ते मला बोलवत नाही. चौदाव्याचा खड्डा काठापासून दोन हात आत घेतला, वाट आणखी चिंचोळी झाली तरी. रविवारी दिवसभर आमचं एकच काम. महिपत ठोका द्यायचा आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. मी नाही म्हणून मान हलवली की पुन्हा चिपा काढायच्या, हात वर केला की पुढचा खांब. आधी उभे केलेले खांबही पहिल्यापासून वाजवले, आणि दिवस मावळताना सगळ्यांना मासेमारीची जुनी जाळी ताणून बांधली. घड्याळ मी अनसूयाच्या पिशवीत टाकलं होतं.

सोमवारी नऊला मुलं आली. अनसूयानं त्यांना दारात बसवून ठेवलं. महिपत एकेका खांबाला टेकत निघाला, प्रत्येकाला तीन हिसके. चौदावा सोडून सगळ्यांना टेकला, मग चौदाव्याजवळ येऊन बाजूला झाला.

"आता तुमी," तो म्हणाला.

मी खदानीकडे पाठ केली. खांब पाठीला लागला. अंग सोडलं. एक. दोन. महिपत खांबाकडे बघतच नव्हता. त्याचा हात माझ्या शर्टाच्या बटणांपासून वीतभर अंतरावर उघडा धरलेला होता. तीन. खांब तसूभर हलला नाही. तेव्हा कुठे त्यानं हात खाली घेतला, आणि अनसूयानं मुलांना बाहेर सोडलं.