परातीत पडणारी धूळ

आमच्या साडूंइतका आभाळाचा संशय घेणारा माणूस सबंध डहाणू तालुक्यात सापडायचा नाही. जगात कुठे अणुस्फोट झाला, अणुभट्टी बिघडली, तर वाऱ्यावर काय उडतं आणि आपल्या अंगणात काय येऊन पडतं, ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी. म्हणजे काम काय, तर लोकांच्या गच्चीवर पाणी घातलेल्या स्टीलच्या पराती ठेवायच्या आणि महिनाभराने त्यांत पडलेली धूळ घेऊन जायची. तलासरीहून तपासणीसाठी पिशव्या भरून गवत आणायचे, तेव्हा बसमधली माणसं बकऱ्या किती पाळल्यात म्हणून विचारायची. लग्नात बासुंदी समोर आली की हे आधी म्हैस कुठे चरते त्याची चौकशी करणार. मसोलीतल्या घरी ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, कपाटावर फडकं मारायची चोरी.

वरोरला मासळी विकणाऱ्या एका बायच्या गच्चीवर त्यांची एक परात असायची. हे न्यायला गेले की परात चिंचेने घासून लख्ख, आणि तीत सुके बोंबील. महिन्याची धूळ मोरीतून गेलेली! साडू कपाळावर हात मारून घेत. बाय शांतपणे म्हणे, "परक्याचं भांडं रिकामं कसं देऊ, भाऊ?" तिला समजावणं त्यांना कधी जमलं नाही, आणि बोंबील नाकारणंही जमलं नाही. परातींत काही निघालं का, असं कुणी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "काही नाही. झोपा निवांत."

ते रिटायर झाले आणि ताईला कॅन्सर निघाला. यांनीच घरात काहीतरी आणलं असणार, अशी कुजबुज झाली. साडू कुणाशी भांडले नाहीत. प्रयोगशाळेतून एक जुनी परात मागून आणली, ताईच्या खोलीवरच्या गच्चीत ठेवली आणि दर महिन्याला तिथल्या ओळखीच्याकडून धूळ तपासून घेऊ लागले. काही निघत नव्हतं. एकदा मला म्हणाले, "काही सापडलं असतं ना, तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं." मला फार वाईट वाटलं.

ताई गेली. वरोरची बाय भेटायला आली, गच्चीवरचे कपडे काढायला गेली, आणि ओळखीची परात दिसताच बरोबर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती घासूनपुसून, तांदळाच्या भाकऱ्यांनी भरून आणली. ताईच्या शेवटच्या महिन्याची धूळ तपासायची राहिली होती. आता हे कपाळ बडवून घेणार, म्हणून मी उठलोच. साडूंनी परातीच्या काठावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि भाकरी मोडली.

अजूनही ते दर महिन्याला ती परात वरोरला ठेवून येतात. धूळ मिळणार नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.