अप्पांची मैना उडी शिकते

आमच्या स्टाफरूममध्ये "घोडी कशी आहे?" असं कुणी विचारत नाही. "मॅडम, आज घोडीनं काय केलं?" असं विचारतात! आणि रोज काहीतरी केलेलंच असतं. कच्च्या घोडीबरोबर काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते लिदीसारखे असतात. संध्याकाळी सगळं उचलून झाडलोट करा, सकाळी पुन्हा तेवढंच पडलेलं!

मी राहुरीत शाळेवर खेळाची शिक्षिका. शाळा दुपारची. सकाळी मी स्कूटी घेऊन देवळाली प्रवराच्या बाजूला अप्पांच्या रानात त्यांची घोडी फिरवायला जाते. अप्पांचा सगळा ऊस, पण दोन एकर माळ त्यांनी घोड्यांच्या हौसेपायी मोकळा ठेवलाय. त्या दोन एकरांचा विषय अप्पांच्या बायकोसमोर, म्हणजे काकूंसमोर काढायचा नाही, एवढा एकच नियम त्या घरात आहे.

शिकवायला शेख उस्ताद. लष्करात आयुष्यभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवून ते रिटायर झाले. आता नगरहून रोज पहिल्या एसटीनं येतात. उस्तादांनी कुणाला "शाबास" म्हटलेलं अजून कुणी ऐकलेलं नाही.

आणि मैना. चार वर्षांची, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. जगात आपली आई आणि पेंडीची पाटी यांपलीकडे काही असतं, हे तिला माहीतच नव्हतं. हिला म्हणे क्रॉसकंट्रीला तयार करायचं! म्हणजे मोकळ्या रानातून दौडत जायचं आणि वाटेत येईल ते ओलांडायचं. ओंडका, चारी, पाणी, बांध, काहीही. मैदानातल्या उड्यांमध्ये पाय लागला की दांडी खाली पडते. इथं दांडी पडत नाही. पडलं तर घोडं पडतं, नाहीतर माणूस!

*

पहिला दिवस. उस्तादांनी बाभळीचा एक ओंडका माळावर आडवा टाकला. जेमतेम माझ्या गुडघ्याच्या खाली येईल एवढा.

"पळवायचं न्हाई. चालत न्यायचं. तिला बघू दे, वास घिऊ दे. तिच्या डोक्यात गेलं पायजे."

मैनेनं बघितलं. वास घेतला. साल चाटली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होते, त्यांची मळून, खाऊन, थुंकूनही झाली. मी निवांत झाले, लगाम सैल सोडला.

आणि घोडी उडाली! चार पाय एकदम जमिनीवरून सुटले. मला खाली अप्पांची टोपी दिसली, तीही वरच्या बाजूनं! मी मानेवर आदळले, दोन्ही हातांनी आयाळ धरली, डोळे गच्च मिटले. धप्प!

"झाली का हो उस्ताद? झाली ना उडी?" मी डोळे न उघडताच ओरडले.

उस्तादांनी वाकून ओंडका बघितला. अप्पा म्हणाले, "झाली ना. पर वंडका अजून म्होरंच हाय!"

घोडी सरळ वर गेली होती आणि होती तिथंच खाली आली होती.

*

महिनाभरात मैना ओंडक्यांना सरावली. मग अप्पांना उत्साह आला. त्यांनी मोबाईलवर कुठल्याशा परदेशी स्पर्धेचा व्हिडिओ बघितला होता. त्यातले ओंडके कसे रंगवलेले होते! एका रविवारी त्यांनी आम्हाला न सांगता आमचा रोजचा ओंडका लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवून काढला.

सोमवारी मी मैनेला घेऊन दुडक्या चालीनं निघाले. रोजची वाट, रोजचा ओंडका, मला काळजी कसली? वीस पावलांवर तिनं तो रंग बघितला. थांबली. नाकातून असा आवाज काढला की शेजारच्या लिंबावरची पाखरं उडाली. मग गर्रकन वळून ती जी सुटली, ती मला घेऊन थेट घराकडे! मी लगाम ओढतेय, ओरडतेय, तिला काही ऐकूच जात नाही. अंगण ओलांडून, ओसरीची पायरी चढून ती थांबली तेव्हा तिचं तोंड स्वयंपाकघराच्या दारात होतं आणि माझं कपाळ चौकटीला टेकलेलं होतं.

काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं. आता ह्या काय बोलतात?

काकू शांतपणे म्हणाल्या, "च्या दोघींनाबी टाकू का?"

*

पाण्याचं मात्र काही केल्या जमेना. चारीला आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी सुटलं की ते घोटाभर, पण मैना काठावर येऊन खुंट्यासारखी उभी राहायची. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी उस्तादांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः पाण्यात जाऊन उभे राहिले. हातात मैनेची दोरी. ओढणं नाही, ओरडणं नाही. नुसते उभे. वय सदुसष्ट, डिसेंबरची सकाळ, पाणी बर्फासारखं!

अर्धा तास गेला. मी वर बसलेली, मलाच हुडहुडी भरली. "उस्ताद, राहू द्या ना आज."

"तिला वाटतं ह्याच्या खाली जमीन न्हाई. जमीन हाय, हे मी दाखवतोय. मी निघालो तर मी खोटा पडलो."

आणि मैनेनं पाय टाकला! एक, मग दुसरा. पूर्ण आत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी उस्तादांकडे बघितलं, त्यांचाही चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झालेला.

मैनेनं पुढच्या पायानं पाणी उडवलं. तिला गंमत वाटली. आणखी उडवलं. मग तिनं गुडघे मोडले आणि सॅडलसकट, माझ्यासकट पाण्यात लोळण घेतली!

मी चिखलातून डोकं वर काढलं तेव्हा उस्ताद तिथंच उभे होते. म्हणाले, "चला. जमीन हाय, हे दोघींनाबी कळलं."

*

घोड्याआधी स्वारानं सगळी वाट पायी चालायची आणि अंतर पावलांनी मोजायचं, हा उस्तादांचा शिरस्ता. एकदा त्यांनी अप्पांनाही सोबत घेतलं. अप्पांनी चारीवरून स्वतः उडी मारली आणि एक पाय या काठावर, एक त्या काठावर, असे अडकले. ना पुढं, ना मागं!

शेजारच्या फडात ऊसतोड चालली होती. सगळे कोयते थांबले. एक म्हातारी जवळ येऊन गंभीरपणे म्हणाली, "घोडी कुठाय?"

अप्पा घामाघूम होऊन, लिंबाला बांधलेल्या मैनेकडे बोट दाखवत म्हणाले, "ती शिकाय लागलीय. बघून!"

*

हा किस्सा मात्र मी घरी आजवर सांगितलेला नाही.

एका बांधावरून खाली उतरताना मैनेचा पाय घसरला. ती सावरली, मी सावरले नाही. पाठीवर पडले. श्वास जो गेला, तो परत येईच ना! डोळ्यांसमोर पांढरं आभाळ, कानांत शिट्टी. मनात आलं, संपलं सगळं. आईला कोण सांगणार?

पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. उस्ताद! या वयात ते एवढे पळतात? माझा जीव भरून आला. उस्ताद माझ्यापाशी आले, मला ओलांडलं आणि पुढं गेले! मैनेचे चारही पाय त्यांनी वरपासून खालपर्यंत हातानं चाचपले. मागून अप्पा आले, तेही मला वळसा घालून मैनेकडे. काकू तांब्या घेऊन आल्या. मी हात पुढं केला. तांब्या मैनेच्या तोंडाखाली गेला!

पाच मिनिटांनी उस्ताद वळले.

"तिचे चारी पाय शाबूत हायेत. तुझे किती?"

"दोन," मी कशीबशी बोलले.

"मंग पडलीस कशाला? चढ."

*

एके सकाळी मी पोचले तर घरात रडारड. मैना गायब! गोठ्यामागच्या तिच्या कुंपणाचं फाटक बंद, वर कुलूप. अप्पांचा चेहरा पांढराफटक. "चोरली. कुनीतरी टेम्पोत घालून न्येली. आता ही कुठल्या बाजारात सापडती का कुठं!" काकू, ज्या त्या दोन एकरांवरून रोज बोलायच्या, त्या रिकाम्या पाटीकडे बघून पदर डोळ्यांना लावत होत्या.

आम्ही पोलिसांत जायला निघणार, तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातून फोन. "अप्पा, तुमची घोडी आमच्या घासात चरतीय!"

धावत गेलो. मैना लसूणघासात पोटभर चरून उभी, डोळे अर्धे मिटलेले. अंगावर एक ओरखडा नाही. आम्ही तिघांनी तिच्या गळ्यात पडायचंच बाकी होतं. उस्ताद नव्हते. ते कुंपणापाशीच थांबले होते, आणि कुठूनसा मोजमापाचा टेप आणून कुंपण मोजत होते!

आम्ही मैनेला घेऊन परत आलो तेव्हा ते म्हणाले, "चार फूट दोन इंच. रोज आपन अडीच फुटाला अडतो. काल स्वार नव्हता, तर चार फूट दोन इंच."

मग त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

"म्हंजे अडचन कुठं हाय, ते कळलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं!

*

आता हे शेवटचं. जानेवारीतलं. हे सांगताना मी अजूनही मधेच थांबते.

माळ आणि ऊस यांच्या मधोमध एक कोरडी चारी आहे. चार फूट रुंद, कमरेएवढी खोल, दोन्ही काठांना वाळलेलं गवत. कच्चं घोडं अशा खड्ड्याला भितं. खाली वाकून बघतं आणि थांबतं. आणि स्वारानं खाली बघितलं तर हमखास थांबतं. म्हणून उस्तादांचा हुकूम, नजर वर. पलीकडं लिंब आहे, त्याचा शेंडा बघायचा. पंधरा दिवस आम्ही ती चारी रोज मारत होतो, मैना अडायची थांबली होती.

त्या सकाळी दव होतं, वारा सुटला होता. शेजारचा फड निम्मा तुटून झाला होता. उस्ताद, अप्पा आणि काकू लांब उंच बांधावर उभे. मी दौडत निघाले. लिंबाचा शेंडा बघितला, मैनेनं कान टवकारले आणि उडी घेतली. काय उडी ती! एवढी उंच तिनं कधीच मारली नव्हती. माझा एक पाय रिकिबीतून सुटला. पलीकडे उतरून आम्ही खूप पुढं जाऊन थांबलो.

मागून आरडाओरडा ऐकू आला. वळून बघते तर तिघंही हात वर करून नाचतायत! उस्तादसुद्धा! काकूंच्या हातातला तांब्या खाली पडलेला. माझी छाती फुगली. उस्तादांना आवडलं! अप्पा तोंडाशी हात धरून ओरडत होते. वाऱ्यात मला एवढंच ऐकू आलं, "परत... परत..."

परत तर परत! मी मैनेला वळवलं.

या वेळी ती चारीच्या अलीकडे हळू झाली. मान खाली घातली. माझ्या मांड्यांखाली तिचं सगळं अंग थरथरलं. मला वाटलं, जुनी खोड. मी खाली बघितलं नाही. समोर बांधावरच्या तिघांकडे बघितलं आणि दोन्ही पाय घट्ट लावले. ती गेली.

खाली उतरतो न उतरतो तोच उस्तादांनी पळत येऊन लगाम पकडला. तसंच ओढत आम्हाला अंगणापर्यंत आणलं.

"काय झालं?"

"अगं बाई, बिबट्या!" काकू ओरडल्या. "चारीत बिबट्या हुता!"

"कधी?"

"दोन्ही टायमाला!" अप्पा म्हणाले. "पयल्यांदा आडवा पडलेला हुता. दुसऱ्यांदा उठून बसलेला. आमी वरडतोय परत येऊ नको, परत येऊ नको..."

मी अंगणात मटकन खाली बसले. दुपारी वनखात्याची माणसं आली, चारीतले ठसे त्यांनी दाखवले. माझ्या तळहाताएवढे. मला ते धड बघवेनात. शाळेत फोन करून मी रजा सांगितली आणि तिथंच बसून राहिले.

मैना दावणीला घास खात होती. उस्ताद तिच्या मानेवरून हात फिरवत होते, सकाळपासून फिरवतच होते. स्वतःची समजूत घालायला मी म्हणाले, "एक बरं झालं उस्ताद, हिला तो दिसला नाही."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी तिचेच कान बघत हुतो, बेटा. दुसऱ्या टायमाला तिनं त्याला नीट बघितलं. तू पाय लावलास, म्हनून गेली."