एका सर्व्हरला एकच नाव

मंगळवार. दिवाळीनंतर इथे फिरकलोच नाही, माफ करा. आज मात्र सांगण्यासारखं घडलं.

मी नागपुरात छोट्या व्यावसायिकांचे मेल सांभाळतो. दोन जावा माझ्या एकाच सर्व्हरवर आहेत. थोरल्या सुमनताई साड्या विकतात, धाकट्या मीनाताई मसाले. धंदे वेगळे, डोमेन वेगळी, बोलणं जेमतेम.

सकाळी मीनाताईंचा फोन आला. "भाऊ, माझ्या मेलच्या तपशिलात जाऊबाईंचं नाव काहून येऊन राहिलं? गिऱ्हाईक विचारते, तुम्ही त्यांच्या हाताखाली आहात का. मले दुसरीकडे जायचं आहे."

डोमेन कितीही असोत, सर्व्हरच्या आयपी क्रमांकावरून उलट शोधलं की एकच नाव निघावं लागतं, आणि तेच सगळ्यांच्या मेलच्या तपशिलात दिसतं. मी ते सुमनताईंच्या डोमेनवर ठेवलं होतं, कारण त्या आधी आल्या. नोंद बरोबर होती. पण पाटी कुणाची लावतोय, हे मी विचारलं नव्हतं.

दोघींना एकाच कॉलवर घेतलं आणि तिसरं नाव मागितलं.

सुमनताई म्हणाल्या, "खापा ठेवा, भाऊ. सासरचं गाव तर दोघींचं तेच आहे वं, मीना."

"हो, अन् भांडी मीच घासली तिथं."

"चुलीपाशी कोण होतं मग?"

दोघी हसल्या. मीनाताई माझ्याकडेच राहिल्या.

माझ्या डोमेनखाली 'खापा' नाव नोंदवलं आणि येणारे मेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या दोघींच्या एमएक्स नोंदी तिकडे वळवल्या. मेल खरंच तिचाच आहे हे पटवणारं एसपीएफ आणि डीकेआयएम प्रत्येकीचं स्वतंत्रच आहे.

सर्व्हरला नाव देताना तुम्ही कुणाला विचारता का?

उद्याचं काम: सर्व्हर कंपनीने उलट नोंदीत 'खापा' लावलं का, ते पाहणे.